वाटणी नाकारणारं मृत्युपत्र: कमोडोर व्हँडरबिल्टच्या दहा कोटी डॉलरचं काय झालं

४ जानेवारी १८७७ रोजी सकाळी न्यूयॉर्कमधल्या वॉशिंग्टन प्लेसवरच्या घरात बोटी आणि रेल्वेच्या धंद्यात गडगंज झालेला कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट वारला. वय ८२. त्याआधीचे सात-आठ महिने तो अंथरुणाला खिळून होता आणि वर्तमानपत्रांचे बातमीदार समोर पाळत ठेवून बसले होते. म्हातारा किती दिवस काढतो यापेक्षा मागे कोणाला काय ठेवतो, याची त्यांना जास्त उत्सुकता होती. काही दिवसांत मृत्युपत्र वाचलं गेलं आणि घरात सुतकाबरोबर कोर्टकचेरीही सुरू झाली.

मिळकत सुमारे दहा कोटी डॉलर. हयात मुलं दहा, आठ मुली आणि दोन मुलगे. त्यातल्या विल्यम हेन्री या थोरल्या मुलाला जवळपास ९५ टक्के. मुलींना अडीच ते पाच लाखांच्या दरम्यान. धाकट्या कॉर्नेलियस जेरेमायाला रोख काहीच नाही, फक्त दोन लाखांच्या निधीचं व्याज, तेही विश्वस्तांच्या हातून. दुसऱ्या पत्नीला घर, पाच लाख आणि न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेचे दोन हजार शेअर. विल्यमच्या चार मुलांना मात्र आजोबांनी वेगळे शेअर दिले होते, त्यात सगळ्यात मोठ्या नातवाला सुमारे पन्नास लाखांचे.

आपल्याकडे वाटणीचे दावे पिढ्यानपिढ्या चालतात, त्यामुळे हा प्रकार वाचून आपण पहिला प्रश्न विचारतो तो असा: मिळकत वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित? इथे पै न् पै स्वकष्टार्जित होती. न्यूयॉर्कचा कायदा हा भेद तसाही करत नव्हता. माणूस आपली मिळकत वाटेल त्याला देऊ शकत होता. पण प्रकरण समजून घ्यायला हे दोन शब्द फार उपयोगी आहेत. म्हाताऱ्याच्या हातात जे स्वकष्टार्जित होतं ते विल्यमच्या हातात पडताच वडिलोपार्जित झालं, आणि पुढची सगळी गोष्ट त्या फरकाची आहे.

पैसा नव्हे, मतं

व्हँडरबिल्टचा जन्म १७९४चा, न्यूयॉर्क बंदरातल्या स्टेटन आयलंडवरचा. सोळाव्या वर्षी आईकडून शंभर डॉलर उसने घेऊन त्याने शिडाची होडी घेतली आणि मॅनहॅटनपर्यंत तरीचा धंदा सुरू केला. पुढे तो वाफेच्या बोटींकडे वळला आणि थॉमस गिबन्सच्या नोकरीत राहून हडसन नदीवरच्या बोटींच्या मक्तेदारीविरुद्ध लढला. ती मक्तेदारी १८२४ साली सर्वोच्च न्यायालयाने मोडली. मग स्वतःच्या बोटी काढल्या. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर निकाराग्वामार्गे उतारू नेले. ‘कमोडोर’ ही पदवी नौदलाची नाही, बोटींमुळे लोकांनी चिकटवलेली आहे. १८५३च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. त्यानंतर सुमारे महिन्याभराने हा गृहस्थ कुटुंबकबिला घेऊन ‘नॉर्थ स्टार’ या स्वतःच्या बोटीतून युरोपच्या सहलीला निघाला होता. रेल्वेत तेव्हा त्याला फारसा रस नव्हता.

रेल्वेत तो खऱ्या अर्थाने शिरला तो साठी उलटून गेल्यावर. १८६३ साली न्यूयॉर्क अँड हार्लेम रेल्वे हातात घेतली तेव्हा वय ६९. पाठोपाठ हडसन रिव्हर रेल्वे. पुढच्या चौदा वर्षांत मिळकतीचा मोठा भाग या धंद्यात उभा राहिला.

आपल्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेचं भांडवल इंग्लंडमधून आलं ते पाच टक्क्यांच्या हमीवर. नफा होवो न होवो, व्याज मिळणारच. त्यामुळे ती कंपनी कोणाच्या ताब्यात आहे यावरून कोणी कोणाचा गळा धरला नाही. न्यूयॉर्कमध्ये हमी नव्हती. तिथे शेअर म्हणजे मत; ज्याच्याकडे शेअर जास्त तो गाड्या कुठे थांबवायच्या ते ठरवणार. व्हँडरबिल्टने शेअर घेतले ते लाभांशापेक्षा या ठरवण्यासाठी.

हार्लेमच्या बाबतीत आमदारांनी आणि नगरसेवकांनीच त्याच्याविरुद्ध मंदीचा सट्टा लावला. हातात नसलेले शेअर विकायचे, मग रेल्वेला लागणारी परवानगी नाकारायची, भाव पाडायचा आणि स्वस्तात उचलून द्यायचे, असा बेत. व्हँडरबिल्ट गुपचूप घेत राहिला. देण्याची वेळ आली तेव्हा बाजारात शेअरच उरले नव्हते, सगळे त्याच्याकडे. १८६४ साली भाव २८५वर गेला आणि लोकप्रतिनिधींना तोच भाव मोजावा लागला.

मला त्याहून बोलका वाटतो तो जानेवारी १८६७चा प्रसंग. हडसन रिव्हर रेल्वे ऑल्बनीपर्यंत जायची आणि तिथून पश्चिमेला न्यूयॉर्क सेंट्रल. सेंट्रलच्या संचालकांनी त्याच्याशी झालेली बोलणी मोडली. भर हिवाळ्यात व्हँडरबिल्टने आपल्या गाड्या नदीच्या पुलाच्या अलीकडेच थांबवल्या. उतारूंनी बर्फातून सामान घेऊन पूल पायी ओलांडायचा. विचारणा झाली तेव्हा त्याने एक जुना, विसरला गेलेला कायदा पुढे केला: आमच्या कंपनीला नदीपलीकडे गाडी नेण्याची मुभाच नाही. सेंट्रलचे शेअर कोसळले, ते त्याने उचलले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो सेंट्रलचा अध्यक्ष झाला. रस्ता अडवून गाव विकत घेणं म्हणतात ते हेच. उतारूंच्या पायाचं काय झालं याची नोंद नाही.

१८६८ साली मात्र तो हरला. ईरी रेल्वे घ्यायला निघाला तर समोर तिचे संचालक डॅनियल ड्रू, जे गूल्ड आणि जिम फिस्क. हा शेअर घेतोय आणि ते रोख्यांतून नवे शेअर छापताहेत! अटकेचा हुकूम निघाला तेव्हा तिघे रोकड घेऊन नदीपलीकडे जर्सी सिटीच्या हॉटेलात जाऊन बसले. असे शेअर फुगवणं म्हणजे शेअरमध्ये ‘पाणी घालणं’, हा तिकडच्या बाजारातला शब्द. ड्रू तरुणपणी गुरांचा व्यापारी होता, गुरांना मीठ चाटवून मग भरपूर पाणी पाजायचा, म्हणजे वजन वाढतं, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडच्या गवळ्यांना हे शिकवावं लागणार नाही. कमोडोर स्वतःही सोवळा नव्हता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने सेंट्रलच्या भागधारकांना ८० टक्के बोनस शेअर वाटले आणि १८६९ साली सेंट्रल व हडसन रिव्हर एकत्र करताना आणखी. पण ईरीने त्याला एक धडा दिला, आणि माझ्या मते मृत्युपत्राचं मूळ तिथे आहे. नुसते शेअर असून भागत नाही. संचालक मंडळ आपलं पाहिजे, छापखाना आपल्या हातात पाहिजे, आणि गठ्ठा फुटता कामा नये.

म्हाताऱ्यापुढचे पर्याय

मृत्युपत्र ९ जानेवारी १८७५चं आहे. तेव्हा त्याच्यापुढे मोजके मार्ग होते.

समान वाटणी केली असती तर प्रत्येकाला साधारण एक कोटी. त्या काळी तेवढ्या पैशात माणूस राजासारखा जगला असता. पण शेअर आठ जावयांच्या घरांत गेले असते, आणि जावयांचा अनुभव ताजा होता. होरेस क्लार्क हा त्याचा सगळ्यात हुशार जावई. लेक शोअर रेल्वे त्याच्या हातात होती. १८७३च्या जूनमध्ये तो वारला, सप्टेंबरात बाजार कोसळला, आणि लेक शोअरच्या देण्यांचं लचांड सासऱ्याच्या गळ्यात आलं. त्यातूनच शिकागोपर्यंतचा मार्ग त्याच्या ताब्यात आला हा भाग वेगळा.

सगळं विश्वस्त निधीत टाकायचं म्हटलं तर न्यूयॉर्कचा कायदा आडवा येत होता. दोन हयात माणसांच्या आयुष्यापलीकडे मिळकत अशी बांधून ठेवता येत नव्हती.

दानधर्म हा त्याचा पिंड नव्हता. एक मोठं दान केलं ते १८७३ साली. दुसऱ्या पत्नीच्या नात्यातल्या बिशप मॅकटायर यांनी गळ घातली म्हणून नॅशव्हिलमधल्या विद्यापीठाला आधी पाच लाख, नंतर वाढवून दहा. ज्या विद्यापीठाला त्याचं नाव आहे ते त्याने कधी पाहिलंही नाही.

राहिला एकच वारस. धाकटा कॉर्नेलियस जेरेमाया फेफरं येणारा आणि जुगाराच्या नादी लागलेला. बापाने त्याला एकदा वेड्यांच्या इस्पितळातही टाकलं होतं. आणखी एक मुलगा, लाडका जॉर्ज, यादवी युद्धाच्या काळात आजारपणाने गेला. विल्यमला बापाने बरीच वर्षं मठ्ठ समजून स्टेटन आयलंडवर शेती करायला बसवलं होतं. त्या काळातली एक गोष्ट सांगतात. विल्यमने बापाच्या तबेल्यातलं खत ‘खेपेला चार डॉलर’ दराने मागितलं. बापाला वाटलं गाडीची खेप. पोराने अख्खा पडाव भरला आणि म्हणाला, ही एक खेप. खरं असो वा खोटं, ही गोष्ट टिकली, कारण बापाला पोरात स्वतःचं रक्त दिसलं ते फसवला गेल्यावरच. खरा पुरावा जास्त रुक्ष आहे: स्टेटन आयलंडची बुडीत निघालेली छोटी रेल्वे विल्यमने सावरून दाखवली आणि नंतर बापाच्या हाताखाली सेंट्रलचा कारभार पाहिला.

म्हणजे हे मृत्युपत्र घराचं नव्हतंच, कंपनीचं होतं. त्या चौकटीत बघितलं तर निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. पण मुलींच्या बाजूने पाहिलं तर तो उघड अन्याय होता. मुली म्हणून त्या बाद झाल्या. त्यांच्यातल्या कोणाची परीक्षाच झाली नाही.

कोर्टात

दोन मुली आणि धाकटा मुलगा यांनी मृत्युपत्राला हरकत घेतली. म्हणणं असं की बाप भानावर नव्हता आणि विल्यमने त्याच्यावर दबाव आणला. १८७७च्या नोव्हेंबरात साक्षी सुरू झाल्या. डॉक्टरांनी शरीरातला एकेक आजार मोजून दाखवला. मृतात्म्यांशी बोलणारी माध्यमं निघाली. कमोडोरला अशा बैठकांचा नाद होता हे खरंच होतं, आणि व्हिक्टोरिया वुडहल व टेनेसी क्लॅफ्लिन या भगिनींनी १८७०मध्ये वॉल स्ट्रीटवर दलालीची पेढी काढली तीही त्याच्या पाठबळावर. खटला उभा राहायच्या आधी या दोघी इंग्लंडला निघून गेल्या. विल्यमने पैसे देऊन धाडलं अशी वदंता तेव्हापासून आहे. शहराला रोज सकाळी फुकटची करमणूक मिळत होती.

मार्च १८७९ मध्ये निकाल विल्यमच्या बाजूने लागला. नंतर त्याने भावाबहिणींना मृत्युपत्रातल्यापेक्षा जास्त देऊन वाद मिटवला. धाकट्या भावाला तो पैसा फार दिवस लाभला नाही. १८८२ साली त्याने आयुष्य संपवलं.

विल्यमने काय केलं

मठ्ठ म्हणून हिणवलेल्या या माणसाने आठ-नऊ वर्षांत दहा कोटींचे वीस केले. पण गठ्ठा फोडला तोही त्यानेच, आणि कोर्टाचा निकाल लागला त्याच वर्षी.

न्यूयॉर्क विधानसभेची समिती रेल्वेच्या मालवाहतुकीच्या दरांची चौकशी करत होती. एकाच माणसाच्या मालकीची एवढी मोठी रेल्वे राजकारणी लोकांच्या डोळ्यांत सलत होती आणि जबर कराची भाषा चालू होती. विल्यमने १८७९ साली सेंट्रलचे अडीच लाख शेअर १२० डॉलर भावाने जे. पी. मॉर्गनच्या गटाला विकले. तीन कोटींचा व्यवहार. मॉर्गनने ते लंडनमध्ये इतक्या शांतपणे खपवले की भाव हललासुद्धा नाही, आणि स्वतः संचालक मंडळावर येऊन बसला. आलेला पैसा विल्यमने मुख्यतः सरकारी रोख्यांत घातला.

बापाच्या नजरेतून पाहिलं तर हा विश्वासघात होता, पण मला तो शहाणपणा वाटतो. एका धंद्यात सगळी पुंजी, ती वर लोकांच्या शिव्यांचं लक्ष्य, हे फार दिवस चालणारं नव्हतं. शिव्याही त्याने स्वतः ओढवून घेतल्या. १८८२ साली शिकागोजवळ बातमीदारांनी तोट्यातल्या वेगवान गाडीबद्दल छेडलं तेव्हा ‘जनता गेली खड्ड्यात’ अशा अर्थाचं वाक्य तो बोलून गेला. नंतर सारवासारव केली, पण सुटलेला बाण तो. १८८३ साली त्याने आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली: अध्यक्षपद सोडलं आणि कारभार पगारी माणसाच्या हातात दिला. मुलगे मंडळांचे अध्यक्ष राहतील, गाड्या दुसरे चालवतील. मालक आणि चालक इथे वेगळे झाले.

८ डिसेंबर १८८५ रोजी बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या रॉबर्ट गॅरेटशी घरी बोलत असताना तो कोसळला आणि गेला. त्याच्या मृत्युपत्रात आठही मुलांना प्रत्येकी एक कोटी: अर्धे हातात, अर्धे निधीत. उरलेलं थोरल्या दोन मुलांना, कॉर्नेलियस आणि विल्यम किसम यांना. बहिणींच्या खटल्याची धग सोसलेल्या माणसाचं हे मृत्युपत्र होतं, आणि माणूस म्हणून ते बापापेक्षा बरं होतं. फक्त त्यातून आता रेल्वे चालवणारा एक हात उरला नाही.

दगडात घातलेला पैसा

यापुढचा भाग सगळ्यांच्या आवडीचा, त्यामुळे मी थोडक्यात आटपतो. फिफ्थ ॲव्हेन्यूवर वाडे उभे राहिले. विल्यम किसमची पत्नी ॲल्व्हा हिने मार्च १८८३ मध्ये दिलेली वेषांतराची मेजवानी शहर वर्षानुवर्षं आठवत राहिलं. न्यूपोर्टला समुद्रकाठी ७० खोल्यांचं ‘ब्रेकर्स’, बांधायला सत्तर लाखांच्या वर. उत्तर कॅरोलायनात जॉर्ज या धाकट्या नातवाचं २५० खोल्यांचं ‘बिल्टमोर’. ॲल्व्हाची मुलगी कन्स्युएलो १८९५ साली मार्लबरोच्या ड्यूकला दिली. हुंड्यात रेल्वेचे शेअर होते! पणजोबांनी जिवापाड राखलेला मतांचा कागद आता इंग्लंडमधल्या राजवाड्याचं छप्पर दुरुस्त करायच्या कामी आला.

पणतवंडांच्या पिढीत एकाला बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून वारसातून जवळजवळ वगळलं. ज्याला मिळालं तो आल्फ्रेड १९१५ साली ‘लुसिटानिया’ बोटीबरोबर बुडाला. त्यांचा भाऊ रेजिनाल्डने जुगारात उधळलं. १९१३ साली आयकर आला, १९१६ साली वारसा कर. फिफ्थ ॲव्हेन्यूवरचे वाडे एकेक करून पाडले गेले. ‘ब्रेकर्स’ १९७२ साली एका जतनसंस्थेने घेतलं, चार लाख डॉलरहून कमी पैशांत. विल्यम किसम म्हणायचा, वारशाने मिळालेली संपत्ती महत्त्वाकांक्षेला तशी मारते जसं कोकेन नीतिमत्तेला. अनुभवाचे बोल असावेत.

दोन अपवाद नोंदवायला हवेत. एक फ्रेडरिक, विल्यमचा मुलगा. बापाकडून मिळालेले एक कोटी त्याने १९३८पर्यंत सात कोटींच्या आसपास नेले, गाजावाजा न करता. त्याला मूलबाळ नव्हतं. दुसरं बिल्टमोर. सव्वा लाख एकरांतली बरीचशी जमीन जॉर्जच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने सरकारला विकली आणि त्यातून पिसगाह राष्ट्रीय वन झालं. घर १९३० साली तिकीट लावून लोकांना खुलं केलं, आणि ते आजही त्याच घराण्याकडे आहे. वाड्याला मालक पोसत होता तोवर तो ओझं होता. वाडा मालकाला पोसू लागला तेव्हा टिकला.

धंद्याचा वारसा कुठे गेला

रेल्वेवरचा ताबा पातळ होत गेला. १८८७ नंतर केंद्रीय आयोग आला, १९०६ नंतर दरांवर त्याचा लगाम बसला, आणि मग मोटारी, ट्रक, विमानं. १९५४ साली रॉबर्ट यंगने भागधारकांची मतं गोळा करून न्यूयॉर्क सेंट्रल घेतली. मंडळावरून बाहेर पडलेल्यांत हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट होता, काँट्रॅक्ट ब्रिज या पत्त्यांच्या खेळाला त्याचं रूप देणारा. कमोडोरची मतमोजणीची युक्ती त्याच्याच पणतूवर उलटली. १९६८ साली सेंट्रल आणि पेनसिल्व्हेनिया रेल्वे या जन्मजात वैरिणी पेन सेंट्रल या नावाने एकत्र आल्या आणि २१ जून १९७० रोजी पेन सेंट्रलने दिवाळं काढलं.

उरलं काय, तर जमीन. म्हाताऱ्याने १८७१ साली बेचाळिसाव्या रस्त्यावर ग्रँड सेंट्रल डेपो बांधला. १९०२ साली बोगद्यातल्या धुरात सिग्नल न दिसल्याने दोन गाड्यांची टक्कर झाली, पंधरा माणसं मेली आणि शहरात वाफेच्या इंजिनांना बंदी आली. विल्यम विल्गस या इंजिनिअरने मग डोकं लढवलं: विजेच्या गाड्यांना धूर नाही, तर रूळ जमिनीखाली घालू आणि वरची हवा भाड्याने देऊ. आजच्या पार्क ॲव्हेन्यूवरच्या इमारती त्या हवेत उभ्या आहेत. २ फेब्रुवारी १९१३ रोजी नवं टर्मिनल सुरू झालं. पुढे पेन सेंट्रलला त्यावर टॉवर चढवायचा होता. शहराने वारसा वास्तू म्हणून नकार दिला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने शहराची बाजू उचलून धरली. न वापरलेला बांधकामाचा हक्क शेजारच्या भूखंडावर नेता येतो, हा त्या निकालातला एक मुद्दा. मुंबईत १९९१च्या नियमावलीपासून ज्याला आपण टीडीआर म्हणतो तोच हा प्राणी.

दिवाळं निघालं तरी पेन सेंट्रलच्या वारस कंपनीकडे टर्मिनलची मालकी राहिली, भाडेपट्टा चालू राहिला. २००६ साली ती मालमत्ता मिडटाउन टीडीआर व्हेंचर्स नावाच्या कंपनीने घेतली. नावातच हेतू आहे. हवेचे हक्क स्वतःकडे ठेवून २०२० साली तिने टर्मिनल आणि त्याबरोबर हार्लेम आणि हडसन हे दोन लोहमार्ग न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहतूक प्राधिकरणाला विकले. कमोडोरने १८६३ नंतर सगळ्यात आधी घेतलेल्या त्याच दोन ओळी. किंमत ठरली सुमारे साडेतीन कोटी डॉलर.